बूटच्या ओळीतले पर्याय लायब्ररीत वाचायचे कसे? (कर्नल कमांड लाइन)

खाडीकाठी
आठ दिवसांच्या नोंदी गेल्या, म्हणून हा धागा काढतोय.

रत्नागिरीत बंदराजवळ एका बर्फ फॅक्टरीत मी चार रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारे छोटे कॉम्प्युटर बोर्ड) बसवलेत. काम साधं आहे, टाक्यांमधल्या ब्राइनचं (मिठाच्या पाण्याचं) तापमान दर मिनिटाला वाचायचं आणि कार्डावर लिहून ठेवायचं. पावसात लाईट दिवसातून चार-पाच वेळा जाते, म्हणजे बोर्डही चार-पाच वेळा बूट होणार, म्हणून बूटच्या वेळी लागणारं सगळं मी एका छोट्या सी लायब्ररीत गोळा केलंय. त्यातलं एक फंक्शन कर्नलची कमांड लाइन वाचतं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला बूटच्या वेळी दिलेली पर्यायांची ओळ. नियम असा, की ओळीत 'आर-ओ' असेल, म्हणजे रूट फाइलसिस्टम (सिस्टमच्या मुख्य फाइलींची जागा) फक्त वाचण्यापुरती लावलेली असेल, तर नोंदी कार्डावर न लिहिता रॅममध्ये ठेवायच्या.

आणि मी काय केलं, तर प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल उघडली, तीत ही ओळ दिसते, आणि एसटीआर-एसटीआर (ओळीत कुठेही अक्षरं शोधणारं सी फंक्शन) लावून 'आर-ओ' शोधलं. घरी टेबलावर सगळं छान चाललं कारण टेबलावरचा बोर्ड खरंच आर-ओ होता. फॅक्टरीतल्या बोर्डाच्या ओळीत कन्सोल होतं, मग रूट=पार्टयूयूआयडी, मग रूटएफएसटाइप, मग रूटवेट. आता 'रूट' रोमनमध्ये डोळ्यासमोर आणा, आर-ओ-ओ-टी. तीन ठिकाणी 'आर-ओ' सापडतं आणि एकाही ठिकाणी त्याचा अर्थ 'फक्त वाच' नाही. लायब्ररीने नोंदी रॅममध्ये ठेवल्या, लाईट गेली की त्या पुसल्या, आणि आठ दिवस मला पत्ता नाही.

आता ते फंक्शन नव्याने लिहायला घेतलंय. माझं मत असं की लायब्ररीने ही ओळ कर्नल जशी वाचतो अगदी तशीच वाचावी, पदरचं काही घालू नये. पार्टनर म्हणतो एवढा घोळ कशाला, स्पेसवर तोड, बरोबरच्या चिन्हावर तोड, संपलं. तुम्ही लोक काय करता?

तिरफळ
पार्टनरला सांग की स्पेसवर तोडणं हे एसटीआर-एसटीआर पेक्षा बरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. किमतीत स्पेस असू शकते. कर्नल दुहेरी अवतरणचिन्ह ओळखतो, त्याच्या आतली स्पेस तो तोडत नाही. डायनॅमिक डीबग (कर्नलचे तपासणीचे संदेश) चालू करायला 'डायनडीबीजी=' च्या पुढे 'फाइल अमुक.सी +पी' असं लिहावं लागतं, त्यात दोन स्पेस आल्या. तू स्पेसवर तोडलंस तर एकाचे तीन तुकडे होतील आणि नसलेले दोन पर्याय तुला दिसतील.

मधुरा_देवगड
शिवाय अवतरण कुठे आहे ते पण बघायला हवं. आपण टाइप करतो बरोबरच्या चिन्हानंतर, म्हणजे फक्त किमतीभोवती. पण ग्रब (बूटलोडर, म्हणजे कर्नल चालू करणारा प्रोग्राम) पुढे देताना स्पेस असलेला अख्खा शब्दच अवतरणात घालतो, नावासकट. त्यामुळे प्रॉकमध्ये बघितलं तर सुरुवातीचं अवतरण नावाच्याही आधी दिसतं. कर्नलला दोन्ही चालतं. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा फक्त पहिला प्रकार धरला होता, तर माझ्या पर्यायाच्या नावाला पुढे एक अवतरण चिकटलेलं आणि तुलना कधी जुळेचना. अर्धा दिवस गेला त्यात.

मधुरा_देवगड
हो आणि एकेरी अवतरण कर्नलच्या लेखी नुसतं एक अक्षर आहे. शेलची सवय असलेले हमखास फसतात.

बापू_हर्णै
खाडीकाठी, तुझा किस्सा वाचून राजापूर आठवलं. आमचे एक पाहुणे मुंबईहून पहिल्यांदाच कोकण रेल्वेने आले, जायचं होतं राजापूर गावात, तिकीट काढलं राजापूर रोडचं, नावात राजापूर आहे म्हणजे झालंच की. उतरल्यावर कळलं की गाव लांब आहे आणि पुढची एसटी दोन तासांनी. तुझ्या लायब्ररीने पण हेच केलं, नावाची सुरुवात जुळली की उतरली खाली!

आंबोळी
बापू 😂 सावंतवाडी रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सगळ्यांचं हेच दुखणं.

तिरफळ
बापूंचं उदाहरण चपखल आहे कारण दुसरी चूक नेमकी तीच असते. लोक एसटीआर-एसटीआर सोडतात आणि 'नावाने सुरू होतं का' एवढंच बघतात. तेही पुरत नाही. नाव संपल्यावर लगेच एकतर शब्द संपला पाहिजे नाहीतर बरोबरचं चिन्ह आलं पाहिजे. रूट आणि रूटवेट यातला फरक फक्त तिथेच कळतो.

निवांत_मालवण
माका ह्यातला अर्धा कळना नाय, पण वाचूक बरा वाटता. एक विचारतंय, ही लाईन वाचता तरी कोण कोण?

खाडीकाठी
निवांत, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलात. ही ओळ बूटलोडर देतो. पहिल्यांदा कर्नल वाचतो आणि आपलं काय ते उचलतो. मग इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टम) असेल तर त्यातल्या स्क्रिप्ट वाचतात. मग सिस्टमडी (बाकीचं सगळं चालू करणारा पहिला प्रोग्राम) वाचतं. त्यानंतर माझ्या लायब्ररीसारखे किरकोळ लोक. ओळ एकच, वाचणारे चार. म्हणूनच मी म्हणतोय की प्रत्येकाने आपापल्या नियमाने तोडली तर एकाच ओळीचे चार अर्थ निघतील.

निवांत_मालवण
मगे ह्या आमच्या गाऱ्हाण्यासारख्याच झाला. गावकार एकदाच बोलता, सगळे देव आयकतत, ज्याचा नाव घेतला तो पुढे येता. दुसऱ्याच्या नावार दुसरो इलो तर घोटाळो.

आंबोळी
व्हय म्हाराजा!

तिरफळ
व्हय म्हाराजा. आणि दुसऱ्याच्या नावावर पुढे आल्याचं खरं उदाहरण आहे, २०१४ चं. ओळीत नुसतं 'डीबग' लिहिलं की कर्नल आपले जास्तीचे संदेश छापतो, हे फार जुनं. सिस्टमडी पण तीच ओळ वाचायचं आणि तोच शब्द आपलाही समजायचं. एप्रिल २०१४ मध्ये कर्नलवाल्यांची तक्रार आली की डीबग लावलं तर सिस्टमडी कर्नलच्या लॉगमध्ये इतकं ओततं की मशीन बूटच होत नाही. वाद एवढा पेटला की लिनस टोरवाल्ड्सने सिस्टमडीच्या एका मोठ्या डेव्हलपरचा कोड कर्नलमध्ये घेणार नाही असं जाहीर लिहिलं. एकाने तर असा पॅच आणला की प्रॉकमधल्या ओळीतून डीबग हा शब्दच लपवून टाकायचा! पुढे कर्नलने बाहेरून येणाऱ्या लॉगच्या वेगाला मर्यादा घातली, तिची किल्ली आहे 'प्रिंटके.डेव्हकेएमएसजी'.

सिस्टमडीचा स्वतःच्या नावाचा पर्याय आहेच, 'सिस्टमडी.लॉग_लेव्हल=डीबग'. पुढे आपलं आडनाव, मग टिंब, मग पर्याय. भांडणाचं कारणच उरत नाही.

कातळशिल्प
मी जरा विरोधी सूर लावतो. मुळात तुमच्या अॅपच्या गोष्टी कमांड लाइनवर कशाला? ती जागा कर्नलची आहे. ईटीसीमध्ये (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) एक फाइल ठेवा, तिथून वाचा, अवतरणं-बिवतरणं सगळे प्रश्न संपले. मी पंधरा वर्षं एम्बेडेडमध्ये आहे, माझ्या कुठल्याच प्रोजेक्टमध्ये मी हे होऊ दिलेलं नाही.

खाडीकाठी
कातळशिल्प, तुमचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी पटतं. पण माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक, आर-ओ की आर-डब्ल्यू (वाचता-लिहिता येणारी) हे ठरतं तेव्हा रूट फाइलसिस्टम लागलेलीच नसते, म्हणजे ईटीसी वाचणार कुठून. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. फॅक्टरीतल्या माणसाला लिनक्सचं लॉगिन येत नाही आणि मी प्रत्येक वेळी जाऊ शकत नाही. पायच्या कार्डावरचा बूटचा भाग फॅट प्रकारचा असतो, विंडोजच्या लॅपटॉपमध्ये कार्ड घातलं की सरळ दिसतो. त्यात सीएमडीलाइन नावाची टेक्स्ट फाइल. फोनवर सांगता येतं, "दादा, त्या फाइलीत शेवटी एवढं टाइप करा, सेव्ह करा, कार्ड परत घाला." ईटीसी ईएक्सटी४ या लिनक्सच्या प्रकारावर आहे, ती विंडोजला उघडतच नाही.

कातळशिल्प
दुसरं कारण मान्य. जागेवर कोण हाताळणार हे बघूनच डिझाइन करायला हवं. पण मग अगदी मोजके पर्याय ठेव, दोन किंवा तीन, त्याच्यावर नको.

नारळीपोफळी
त्या फाइलीवरून सांगते. सगळं एकाच ओळीत हवं असतं. आमच्याकडे एका मुलाने नवीन पर्याय नीट दिसावा म्हणून एंटर मारून दुसऱ्या ओळीवर लिहिला. बोर्ड चालू झाला, पर्याय मात्र लागू नाही. फोनवर मी विचारतेय "लिहिलंस का", तो म्हणतोय "हो मॅडम, समोर दिसतंय". दोघंही खरं बोलत होतो. शेवटी त्याला फोटो पाठवायला सांगितला तेव्हा दुसरी ओळ दिसली. आता मी पहिलं वाक्य हेच सांगते की एंटरला हात लावायचा नाही.

आणि हो, ती फाइल म्हणजे पूर्ण कमांड लाइन नव्हे. पायचा फर्मवेअर स्वतःचं बरंच काही आधी जोडतो. त्यामुळे लायब्ररी तपासताना फाइल बघू नका, चालू झालेल्या बोर्डावरची प्रॉकमधली ओळ बघा.

शेवंता_पाग
मी नवीन आहे, बावळट प्रश्न असेल. साध्या लॅपटॉपवर ही ओळ बदलायची कुठे?

मधुरा_देवगड
बावळट कसला. एकदाच करून बघायचं असेल तर ग्रबचा मेनू आला की 'ई' दाबायचं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची, तिच्या शेवटी लिहायचं आणि कंट्रोल-एक्स. पुढच्या बूटला ते निघून जातं, त्यामुळे बिनधास्त कर. कायमचं हवं असेल तर ईटीसीमध्ये डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलीत, आणि उबुंटू-डेबियन असेल तर मग अपडेट-ग्रब चालवायचं. तिथे आधीच 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी. बदल झाला का हे बघायला टर्मिनलवर प्रॉकमधल्या सीएमडीलाइनला कॅट कर.

शेवंता_पाग
केलं! क्वाएट काढून बूट केलं, एवढ्या ओळी धावल्या की मजा आली. थँक्यू ताई.

तिरफळ
मूळ प्रश्नाकडे येतो. खाडीकाठी, फाइल वाचतानाच दोन खड्डे आहेत, पार्सरच्याही (ओळ तोडणाऱ्या कोडच्याही) आधी. पहिला, प्रॉकमधल्या फाइलीची साइज विचारलीस तर जुन्या कर्नलवर शून्य येते. साइज विचारून तेवढी मेमरी घेऊन वाचायची सवय असेल तर तू शून्य बाइट वाचशील आणि कुठलाच एरर येणार नाही. संपेपर्यंत वाचत जायचं. दुसरा, शेवटी एक नवओळ असते, कर्नल स्वतः घालतो. ती छाटली नाहीस तर शेवटचा पर्याय कधीच जुळणार नाही. आणि आपण नवीन पर्याय नेहमी शेवटीच घालतो!

खाडीकाठी
अरे देवा. हा दुसरा खड्डा माझ्याकडे होता. म्हणजे जुन्या कोडमध्ये एक पर्याय मी "शेवटी टाकला तर चालत नाही, मधे टाकला तर चालतो" असं वहीत लिहून ठेवलं होतं आणि कारण न शोधता पुढे गेलो होतो. वही आत्ता समोर आहे, तारीख मार्चमधली.

बापू_हर्णै
वहीत लिहिलं होतंस हेच खूप. आमच्याकडे तर तेही नसतं.

पुळणवाट
बरोबरच्या चिन्हाबद्दल कोणी बोललं नाही अजून. पहिल्याच चिन्हावर तोडायचं आणि थांबायचं. रूट=यूयूआयडी=अमुकतमुक यात चिन्ह दोन आहेत. सगळ्या चिन्हांवर तोडलंस तर किंमत 'यूयूआयडी' एवढीच मिळेल.

अजून एक, नावातला डॅश आणि अंडरस्कोअर कर्नलला एकच. लॉग-बफ-लेन आणि लॉग_बफ_लेन दोन्ही चालतात. पण फक्त नावात हां, किमतीत नाही. सिस्टमडीच्या कोडमध्ये यासाठी तुलनेचं वेगळं फंक्शन आहे, प्रॉक_सीएमडीलाइन_की_एसटीआर-ईक्यू. तू पण तसंच एक कर आणि दुसरी कुठलीच तुलना वापरू नकोस.

सुरुची_बाग
यावरून एक शंका. नाव आहे पण किंमत नाही, नाव आहे आणि बरोबरच्या पुढे रिकामं, आणि नावच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत ना? माझ्या ऑफिसातल्या लायब्ररीत तिन्हीला नल (म्हणजे 'काहीच नाही') मिळतो आणि मग वरचा माणूस आपल्या अंदाजाने काय ते ठरवतो.

पुळणवाट
तीन वेगळ्या, आणि त्या वेगळ्याच ठेवायच्या. सिस्टमडीत नुसतं नाव असेल तर हो-नाही प्रकारच्या पर्यायात त्याचा अर्थ 'हो' धरतात. सापडलं की नाही हे फंक्शनच्या परतीच्या किमतीतून, आणि किंमत काय हे वेगळ्या पॉइंटरमधून, असं दोन वाटांनी द्यायचं. एकाच नलवर तिन्हीचं ओझं टाकायचं नाही.

हो-नाहीमध्येपण गंमत आहे. कर्नल पहिलं अक्षर बघतो. वाय किंवा एक असेल तर हो, एन किंवा शून्य असेल तर नाही, ओ असेल तेव्हा दुसरं अक्षर बघून ऑन की ऑफ ठरवतो. म्हणजे 'येस' चालतं, आणि वायने सुरू होणारं कुठलंही गाव लिहिलं तरी ते 'हो'च! जुन्या कर्नलला 'ट्रू' मात्र कळायचं नाही. सिस्टमडी उलट, पूर्ण शब्द जुळवतं, त्याला ट्रू चालतं.

कातळशिल्प
इथे मी खाडीकाठीच्या मूळ मताला विरोध करतो बघा. कर्नल जसं वाचतो तसंच वाचायचं म्हणजे 'वायने सुरू होणारं काहीही' हेसुद्धा घ्यायचं का? मी नाही घेणार. फॅक्टरीतल्या माणसाने चुकून भलतं टाइप केलं तर मला ते कळायला हवं.

खाडीकाठी
नाही, बरोबर आहे तुमचं. मी माझं मत दुरुस्त करतो. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, अवतरण, नाव आणि किंमत कुठे तुटते, नावांची तुलना कशी करायची, एवढं कर्नलप्रमाणे, कारण ती ओळ सगळ्यांची आहे. माझ्या पर्यायाच्या किमतीचा अर्थ काय हे माझं, तिथे मी कडक राहतो. भलती किंमत आली तर लॉगमध्ये ठळक ओळ आणि आधीचीच नेहमीची किंमत धरायची, बोर्ड बंद पडता कामा नये.

मधुरा_देवगड
तुझ्या पर्यायांना नावं काय दिली आहेस?

खाडीकाठी
आत्ता नुसतं 'नोंद=कार्ड' किंवा 'नोंद=रॅम'. रोमनमध्येच, पण मराठी शब्द.

मधुरा_देवगड
टिंब घाल त्यात. नुसतं सवयीचं म्हणून नाही, कर्नलमध्ये खरंच फरक पडतो. कर्नलला न ओळखता आलेला शब्द तो टाकून देत नाही, पहिल्या प्रोसेसला, म्हणजे इनिटला, देतो. बरोबरचं चिन्ह असेल तर इनिटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोसेसला मिळणाऱ्या नाव-किमतींच्या यादीत) जातो, नसेल तर त्याच्या आर्ग्युमेंटमध्ये. म्हणजे तुझं 'नोंद=रॅम' आत्ता इनिटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जाऊन बसलंय. पण नावात टिंब असेल तर कर्नल समजतो की हा कुठल्यातरी मॉड्यूलचा (कर्नलला नंतर जोडता येणाऱ्या भागाचा) पर्याय असेल, ते मॉड्यूल पुढेमागे लोड होईल, आणि गप्प राहतो. 'बर्फ.नोंद=रॅम' कर. बर्फ नावाचं मॉड्यूल काही कर्नलमध्ये येत नाही.

आणि स्वतंत्र दोन डॅश दिसले की त्यापुढचं सगळं इनिटचं, तिथे तू वाचणं थांबव.

खाडीकाठी
आत्ता एसएसएच करून बघितलं. पहिल्या प्रोसेसचं एन्व्हायर्न उघडलं तर खरंच 'नोंद=कार्ड' तिथे बसलंय. एवढे महिने तिथे होतं आणि मला माहीत नाही. मधुराताई, हे एकटं कळलं तरी धागा काढल्याचं सार्थक झालं.

आंबोळी
एकच पर्याय दोनदा लिहिला तर?

तिरफळ
सहसा शेवटचा जिंकतो, आणि तेच बरं, कारण ग्रबमध्ये 'ई' दाबून शेवटी लिहिलेलं आधीच्यावर चाललं पाहिजे. पण कन्सोल (संदेश जिथे दाखवायचे ती जागा) अपवाद. कन्सोल अनेक असू शकतात, संदेश सगळ्यांवर जातात आणि शेवटी लिहिलेला डेव्हमधला कन्सोल होतो. पायच्या ओळीतच दोन असतात, एक सिरीयलचा आणि एक टीटीवाय१. म्हणून लायब्ररीत एक फंक्शन 'शेवटचं दे' आणि दुसरं 'प्रत्येकासाठी मला बोलव' अशा प्रकारचं हवं. सिस्टमडीत प्रॉक_सीएमडीलाइन_पार्स असंच आहे, त्याला आपलं फंक्शन द्यायचं, ते प्रत्येक जोडीसाठी बोलावतं.

नारळीपोफळी
लाईटचा विषय वर आलाय म्हणून. सारखी लाईट जाते तिथे कार्ड आर-डब्ल्यू ठेवणं धोक्याचं आहे. आम्ही गुहागरला आंब्याच्या एका पॅकिंग शेडमध्ये दोन कार्डं एका सीझनमध्ये घालवली. आता रूट आर-ओ, नोंदींना वेगळं पार्टिशन, आणि बोर्डाला छोटी बॅटरी. बॅटरी दहा मिनिटं जरी टिकली तरी नीट शटडाउन होतं.

बापू_हर्णै
बॅटरी खारी हवा खाते ना पण? माझ्या दोन गेल्या.

नारळीपोफळी
डब्यात ठेवायची, झाकणाला रबर असलेला. आणि डबा भिंतीला लावताना वायर खालून घ्यायची, वरून घेतली की पाणी वायरीवरून आत उतरतं. आणि सिलिका जेलच्या पुड्या मिरगाआधी बदलायच्या.

सुरुची_बाग
पासवर्ड मात्र या ओळीत कोणी लिहू नका. मागे एका ठिकाणी वायफायचा पासवर्ड कमांड लाइनवरच दिलेला बघितला, सोय म्हणून. प्रॉकमधली ती फाइल मशीनवरचा कुठलाही युजर वाचू शकतो, रूट असायची गरज नाही. वर कर्नल बूट होताना ती ओळ लॉगमध्ये छापतो, आणि लॉग आपण चार लोकांना पाठवतोच. लायब्ररीनेही आपल्या एररमध्ये अख्खी ओळ छापू नये, फक्त आपल्याला हवा तो पर्याय छापावा.

पुळणवाट
लांबीची पण मर्यादा असते. एक्स८६ वर २०४८, ३२ बिट आर्मवर १०२४. त्यापुढचं कापलं जातं आणि कापलं गेलं हे ओळ बघून कळत नाही. फार काही भरायचं असेल तर आता बूटकॉन्फिग आहे, २०२० मध्ये कर्नल ५.६ बरोबर आलं. त्यात आडवी-उभी नीट मांडणी करून लिहिता येतं, इनिटआरडीच्या शेपटीला जोडतात, आणि प्रॉकमध्ये वेगळी फाइल दिसते. अँड्रॉइड १२ पासून त्यांचे स्वतःचे पर्याय तिकडेच हलवलेत.

खाडीकाठी, तुझ्या फॅक्टरीतल्या दादांना बूटकॉन्फिग सांगू नकोस, नोटपॅडच बरा.

शेवंता_पाग
डॉकरच्या कंटेनरच्या आत पण ही फाइल दिसते का?

सुरुची_बाग
दिसते, पण ती होस्टची (मूळ मशीनची) असते, कंटेनरची नाही. म्हणून सिस्टमडी आपण कंटेनरमध्ये आहोत असं कळलं की ही फाइल सोडून पहिल्या प्रोसेसचे आर्ग्युमेंट बघतं. तिथे शब्द स्पेसने नाही, शून्य बाइटने वेगळे असतात, तो अजून एक वेगळा पार्सर झाला.

कातळशिल्प
टेस्ट कशा करणार आहेस? आठ दिवसांच्या नोंदी गेल्या त्याचं खरं कारण मला एसटीआर-एसटीआर वाटत नाही. टेबलावरची ओळ आणि फॅक्टरीतली ओळ वेगळी होती आणि दुसरी ओळ कोडला कधी दाखवलीच गेली नाही, ते कारण.

तिरफळ
सहमत. फाइल वाचणारं फंक्शन आणि स्ट्रिंग तोडणारं फंक्शन वेगळं कर. तोडणाऱ्याला कुठलीही ओळ हातात देता आली पाहिजे. सिस्टमडीत तर एन्व्हायर्नमेंटमधूनच ओळ बदलता येते, 'सिस्टमडी_प्रॉक_सीएमडीलाइन' असं मोठ्या अक्षरात, म्हणजे बूट न करता वेगवेगळ्या ओळी लावून बघता येतात. तुझ्या चारही बोर्डांच्या खऱ्या ओळी उचलून टेस्टमध्ये घाल, वर या धाग्यातली सगळी वेडीवाकडी उदाहरणं.

खाडीकाठी
मंडळी, दोन दिवस गायब होतो, हे लिहीत होतो.

पार्सर आता साधारण दीडशे ओळींचा आहे. फाइल संपेपर्यंत वाचतो, शेवटची नवओळ छाटतो, अवतरण दोन्ही जागी धरतो, पहिल्या बरोबरच्या चिन्हावर तोडतो, डॅश-अंडरस्कोअर एक मानतो, दोन डॅशवर थांबतो. टेस्टमध्ये एकतीस ओळी आहेत, त्यातल्या चार माझ्या बोर्डांच्या. गंमत म्हणजे तिसऱ्या बोर्डाच्या ओळीत 'बर्फ.नोंद' दोनदा निघालं, एकदा कार्ड आणि एकदा रॅम. रविवारी मी फोनवरून दादांना नवीन नाव टाइप करायला सांगितलं होतं, पहिल्यांदा किंमत चुकून रॅम सांगितली आणि मग कार्ड. त्यांनी पहिलं पुसलं नाही, मागे अजून एक जोडलं. शेवटचा जिंकतो म्हणून बोर्ड बरोबर चाललाय. पण पर्याय दोनदा दिसला तर लॉगमध्ये तसं लिहायचं हे आता घातलंय.

बंद न केलेलं अवतरण आलं तर कर्नल ओळीच्या शेवटापर्यंत सगळं त्याच किमतीत धरतो. तेही तसंच ठेवलं, फक्त बोंब मारतो.

पार्टनरने कोड वाचला. त्याचं म्हणणं अजूनही की फार झालं. पण टेस्ट त्याने स्वतः तीन वाढवल्या.

कातळशिल्प
'बर्फ.' ने सुरू होणारा पण तुला माहीत नसलेला पर्याय आला तर?

खाडीकाठी
सांगतो आणि पुढे जातो. 'बर्फ.' नसेल तर एक शब्द बोलत नाही, तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

निवांत_मालवण
बरा केलंस. आता त्या दादांक येक दिवस जेवणाक घाल, फोनार कितीदा कार्ड काढूक लावलंस तेका.

खाडीकाठी
घालणार आहे. उद्या सकाळी सिरीयल केबल आणि चार नवीन कार्डं घेऊन जातोय, चारही बोर्ड एका दिवसात बदलायचे. लाईट गेली तर तिथेच बसून लगेच बघताही येईल की नोंदी राहिल्या का.